पाच लिटरचा कॅन

चूक कॅन देणाऱ्यांची होती की भरणाऱ्यांची, यावर आमच्या गावात अजून एकमत नाही. कॅन पाच लिटरचे होते, एवढं मात्र सगळ्यांना कबूल आहे.

पाडवा होऊन आठ दिवस झाले होते. अनेर नदीच्या काठी त्या वर्षी चैत्रातच वैशाखाचं ऊन पडलं होतं. केळीचे घड झाडावरच पिवळे पडतील या धास्तीनं बागायतदारांनी कटाईची घाई लावली होती. अशात पुण्याच्या कुठल्याशा संस्थेची जीप कोळवाड्यात आली आणि टपावरून पांढरेशुभ्र कॅन उतरले. बायांना वाटलं, फुकट वाटताहेत. गोडं तेल ठेवायला बरे पडतील, असं दोघीतिघींनी मनात ठरवूनही टाकलं. मग जीपमधून उतरलेल्या हेमांगीताईंनी सगळ्यांना समाजमंदिरात बसवलं आणि कॅनमध्ये काय भरायचं ते सांगितलं. बाया पदर तोंडाला लावून हसत सुटल्या आणि पुरुष बाहेर बिडी ओढायला गेले.

हेमांगीताई बाई चांगली, हे आधी सांगून टाकतो. उन्हात घरोघर फिरायची, कोणाच्याही ओट्यावर बसायची, चहाला नाही म्हणायची नाही. आमच्या कोळवाड्यात सहा वर्षांत पाच कर्ते पुरुष अंगाला सूज येऊन गेले, हे तिला कुठून तरी कळलं होतं. पाचही जण केळीचे घड वाहणारे. गावात कोणी म्हणे पाण्यात दोष आहे, कोणी म्हणे नदीकाठच्या आसरांचा कोप, कोणी म्हणे दारू. पाचातला एकच पिणारा होता, पण बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? मृत्यूच्या दाखल्यांवर सगळ्यांचं हृदय बंद पडलेलं. बागेत खोडं किती उभी आहेत याची नोंद तलाठ्याकडे असते, ते घड वाहणाऱ्यांची मात्र कुठंच नाही, असं ताई म्हणाली तेव्हा लोक जरा सरळ होऊन बसले.

तिला खरं तर रक्त हवं होतं. पण गडी अडून बसले. रक्त काढलं की अंगातली ताकद जाते, मग घड कोण उचलणार, हा त्यांचा सवाल. शेवटी लघवीवर तोड निघाली. एका दिवसाची, म्हणजे सकाळी उठल्यावरची पहिली सोडून तिथून दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी. ज्याची खराब निघेल त्याला धुळ्याला नेऊन रक्त तपासायचं आणि पुढचा औषधोपचारही करायचा. जेवढी होईल तेवढी आणा, असं ताईनं सांगितलं होतं. आणि एकही थेंब वाया घालवू नका, असंही सांगितलं होतं. पहिलं वाक्य हवेत विरलं आणि दुसरं तेवढं बायांच्या डोक्यात राहिलं. त्यात कॅनच्या अंगावर एकपासून पाचपर्यंत रेघा.

आमच्या कोळवाड्यातल्या ताईबाईच्या घरी एकेचाळीस नंबरचा कॅन आला. तिचा नवरा पुना त्या पाचांतला चौथा. चार वर्षांपूर्वी ज्येष्ठात त्याचे आधी पाय सुजले, मग तोंड सुजलं, मग लघवी अडली. मुकादम चुडामणनं त्याला त्याआधीच टोळीतून काढलं होतं. पुना महिनाभर ओट्यावर बसून बागेकडे जाणाऱ्या लोकांना बघत राहिला आणि एका दुपारी तिथंच कलंडला. आता घरात ताईबाई, तिचा एकुलता मुलगा अमृत आणि सून सुलक्षणा. सुलक्षणाला पाचवा महिना लागलेला. अमृत बापाच्याच टोळीत, बापाच्याच जागेवर घड वाहत होता.

दुसऱ्या दिवशी अमृत कॅन घेऊनच बागेत गेला. लाजत गेला, पण गेला. ताईनं त्याला बाजूला घेऊन बापाबद्दल विचारलं होतं आणि तो तिच्यापुढे पहिल्यांदाच बापाच्या सुजेबद्दल नीट बोलला होता. बागेत त्याची थट्टा ठरलेलीच होती. "काय रे अमृत, ताडी उतारी लयना का?" असं एकानं विचारलं आणि टोळी दिवसभर तेच चघळत राहिली. अमृतनं कॅन गोणपाटात गुंडाळून बांधावरच्या निंबाखाली ठेवला.

कटाईचं काम ज्यानं केलं नाही त्याला ते सांगून कळायचं नाही. पुढचा माणूस विळ्यानं घड उतरवतो, मागचा खांदा देतो. खांद्यावर गोणपाटाची घडी, तिच्यातून चीक झिरपत मानेवर, छातीवर उतरतो आणि कपड्याला लागला की काळा डाग मरेपर्यंत निघत नाही. पंचवीस-तीस किलोचा घड घेऊन बागेच्या चिखलातून बांध, बांधावरून गाडीरस्ता, रस्त्यावर ट्रक. ट्रक भरेपर्यंत पाणी कोणी पीत नाही. पोटात पाणी खळखळलं की पाय जड होतात, हे बापानं मुलाला शिकवलेलं असतं. वर चुडामणच्या खिशात अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी असते. सकाळी दोन, दुपारी दोन, तो प्रसादासारख्या हातावर ठेवतो. त्यात त्याचं काही वाईट मन नाही, तो स्वतःही खातो. केळीला मात्र ठिबकच्या नळीतून पाणी चालूच असतं, नळीला भोक पडलं तर मालक शिव्या देतो.

त्या दिवशी अमृत दोनदाच निंबाखाली गेला. दुसऱ्या खेपेला आलं ते काढ्याच्या रंगाचं होतं आणि त्यावर फेस होता. त्यानं झाकण घट्ट लावलं आणि पुढच्या घडाला खांदा दिला.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा चपलेच्या पट्ट्यांचे वळ पायावर उठले होते. सुलक्षणानं पायावर बोट दाबलं तर खड्डा पडला आणि तसाच राहिला. ताईबाईचं लक्ष कॅनकडे होतं. तिनं तो उजेडाकडे धरून पाहिला. पहिल्या रेघेच्या निम्म्यालाही माल पोचला नव्हता. शेजारची प्रमिलाबाई थोड्या वेळापूर्वीच ओट्यावरून सांगून गेली होती की त्यांच्या हितेंद्रचा कॅन दोन रेघांवर गेला. हितेंद्रही त्याच टोळीतला. जेवताना ताईबाईनं अमृतला चार तांबे पाणी पाजलं. त्याला उमासे आले.

आता ताईबाईच्या स्वभावाचं सांगायला हवं. तिच्या हातून कोणाचं भांडं कधी रितं परत गेलं नाही. ताकाची बरणी आली तर जाताना तिच्यात मूठभर का होईना शेंगा, काही नसलं तर मिठाचा खडा. "रितं भांडं धाडानं नही," हे तिनं सुनेला पहिल्या दिवशी शिकवलं आणि आमच्या गावची प्रत्येक सासू तेच शिकवते. जीपवाल्या बाईचं एवढं मोठं नवंकोरं भांडं आणि त्यात तळाशी एवढंसं काळपट पाणी. नावाला बट्टाच तो.

पण भांड्याची लाज हे अर्धंच झालं. उरलेलं अर्धं ताईबाईनं स्वतःलाही सांगितलं नाही. पुनाची लघवी शेवटी अशीच झाली होती, रंगानं आणि मापानं, आणि ती तिनं आपल्या हातानं फेकलेली होती. हे पाणी असंच जीपवाल्यांकडे गेलं तर गावभर होणार, पुनाचं पोरग्यात उतरलं म्हणून. चुडामण त्याला उद्याच घरी बसवणार. ओट्यावर बसलेला नवरा तिनं महिनाभर पाहिला होता आणि त्या जागी तिला मुलगा बघायचा नव्हता. तिला कळत होतं की नव्हतं, असं मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आईला कळतंच, पण आईच कधी कधी कळू देत नाही.

पहाटे अमृत उठून कॅनमध्ये करून पुन्हा आडवा झाला, तेव्हा ती कॅन आणि जरमनची तपेली घेऊन मोरीत गेली. बाहेर आली तेव्हा कॅनमधलं पाणी दोन रेघांच्या जवळ आलं होतं आणि रंगही निवळला होता. दारात सुलक्षणा उभी होती.

"आत्या, हाई त्यासनं नही, तुम्हनं शे," सुलक्षणा हळू आवाजात म्हणाली.

"रक्त एकच शे. मन्हाच पोटना शे तो." ताईबाईनं झाकण फिरवलं आणि कॅन पदरानं पुसला. सुनेला त्या घरात येऊन दोनच वर्षं झाली होती आणि सासूपुढे दुसऱ्यांदा बोलायची तिला सवय नव्हती.

समाजमंदिरात हेमांगीताईनं एकेचाळीस नंबर उचलून पाहिला, वहीत आकडा लिहिला आणि छान आहे म्हणाली. ताईबाईला किती बरं वाटलं म्हणून सांगू. एवढं बरं तिला अमृत झाला तेव्हा वाटलं होतं.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या दिवशी कार्डं आली. ताईबाई पुनाच्या नावानं घागर भरत होती. नवी घागर गळ्यापर्यंत पाण्यानं भरून तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवलं होतं, सांजोऱ्या-आमरसाचा निवद काढला होता आणि तेवढ्यात आरोग्य खात्याच्या आशाताईनं कार्ड आणून दिलं. अमृत पुना, नंबर एकेचाळीस, चिंतेचं कारण नाही. सुलक्षणानं ते दोनदा वाचून दाखवलं. मोरीतलं तिला आठवत होतं, पण डोळ्यांत आनंदही होता. तपासणी मोठ्या माणसांनी केली होती, त्यांना दोघांचं वेगळं ओळखता येत असेल, असं तिनं मनाशी धरलं. ताईबाईनं कार्ड घागरीला टेकवलं, मग पुनाच्या फोटोच्या चौकटीत खोचलं. त्या दिवशी ती पोटभर जेवली.

आणि तिथून ते कार्डच घर चालवायला लागलं. अमृतला सकाळी उलट्या व्हायला लागल्या, तेव्हा सुलक्षणा शिरपूरला दवाखान्यात जाऊ म्हणाली, तर ताईबाईनं कार्ड दाखवलं. त्याला अन्नाचा वास सहन होईना, ताईबाई म्हणाली उन्हाचं होतं, कार्डवर लिहिलेलं आहे ना. अंगाला खाज सुटली, तोंडाला कसलासा वास यायला लागला, टोळीतले त्याच्याजवळ बसून जेवेनात. चुडामणनं एकदा त्याच्या तोंडाकडे बारकाईनं पाहिलं, तेव्हा दुसऱ्या दिवशी अमृतनं स्वतःच फोटोच्या चौकटीतलं कार्ड नेऊन पुढे केलं. चुडामणनं ते उलटसुलट करून पाहिलं आणि दोन गोळ्या जास्तीच्या दिल्या.

वैशाखातली एक सकाळ. अमृत चपला घालायला बसला आणि त्याचा पाय चपलेत जाईना. ताईबाईनं सवयीनं फोटोकडे पाहिलं. अमृत ओरडला नाही, रागावलाही नाही. थकल्या आवाजात तो म्हणाला, "माय, कार्डकडे काय दखस, मन्हा पाय दख."

तिनं पाहिले. पुनाचेच पाय होते. तिला त्या क्षणी बोलता आलं असतं. दारात सुलक्षणाही तिच्या तोंडाकडे बघत होती. पण ट्रक लागला होता, चुडामणनं हाक मारली, अमृत अनवाणी निघाला आणि ताईबाईनं त्याच्यामागे भाकरीचं फडकं पाठवलं.

दुपारी बाराच्या सुमाराला तो बांधावर पडला. खांद्यावरचा घड आधी पडला, मग तो. ज्यांनी पाहिलं ते सांगतात की चुडामण धावत आला तो आधी घडाकडे वळला आणि मग त्याला स्वतःचीच शरम वाटली. अमृतला आकडी येत होती. केळीच्या पानांवर घालून चौघांनी त्याला रस्त्यावर आणलं आणि भरायला लावलेल्या ट्रकच्या केबिनमध्ये टाकून शिरपूरला नेलं. तिथून धुळ्याला. दोन्ही किडन्या गेल्यात, डॉक्टर म्हणाले. ह्या थराला यायला महिने लागतात, आधी कधी काही तपासलं नव्हतं का, असं त्यांनी विचारलं. सुलक्षणानं पिशवीतून कार्ड काढून दिलं. डॉक्टरांनी ते वाचलं, अमृतकडे पाहिलं आणि परत दिलं.

दर तीन दिवसांनी धुळ्याला जायचं, रक्त साफ करणाऱ्या यंत्राला लावायचं आणि परत यायचं, असं आता त्याचं चालू झालं. पहाटेच्या एसटीनं नवरा-बायको जात. सुलक्षणाचं पोट वाढलेलं, अमृतचं अंग वाळलेलं. यंत्रावरून आला की तो ओट्यावर बसायचा, बापाच्या जागेवर.

ज्येष्ठ लागायच्या आधी हेमांगीताईची जीप पुन्हा आली. समाजमंदिरात लोक जमले. ताईनं सांगितलं की या गावाचं चित्र भीती होती त्यापेक्षा बरंच बरं निघालं, साठातले पन्नासच्या वर चांगले आहेत. त्यामुळे पुढची फेरी, रक्ताची आणि औषधाची, दुसऱ्या गावांना द्यायचं वरून ठरलं आहे. हे सांगताना ती खुश दिसत नव्हती. तिच्या वहीत एकेचाळीस नंबरला खूण होती. लघवी चांगली निघालेल्या माणसाच्या किडन्या दोन महिन्यांत अशा कशा जातात ते तिला समजत नव्हतं, आणि तिनं ते सरळ बोलून दाखवलं. प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल झाली का, ते ती तीन वेळा तपासून आली होती.

ताईबाई खांबाला टेकून बसली होती. ती उठली तेव्हा बायांना वाटलं, चक्कर आली असेल.

"ताई," ती म्हणाली, "त्या कॅनमा त्यानं थोडंसंच व्हतं. बाकी बठ्ठं मन्हं व्हतं."

हेमांगीताईला पहिल्यांदा अर्थच लागला नाही. मग लागला. तिनं पेन खाली ठेवलं. अमृत दारापाशी खुर्चीवर बसला होता, त्यानं मान वर केली आणि आईकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर ताईबाईला सोपं गेलं असतं. तो नुसता बघत राहिला, ओळख पटत नसल्यासारखा.

"का मावशी?" हेमांगीताईनं विचारलं. "दोन महिने गेले. तेव्हा कळलं असतं तर काही तरी हातात होतं."

ताईबाईनं भांड्याचं सांगितलं. रितं धाडायचं नाही, ते. चुडामणचं आणि ओट्याचंही तिला सांगायचं होतं, पण तिथपर्यंत ती गेली नाही. लोक तिला आता शिव्या घालतील, अशीच तिची तयारी होती. कोणी घातल्या नाहीत. बाया जमिनीकडे बघत होत्या. मग प्रमिलाबाई बसल्या जागेवरूनच, कोणाकडे न बघता म्हणाली, "आम्हना कॅनमा मी बी भर घाली व्हती."

हितेंद्र उठून बाहेर गेला. त्याच्या खिशातही तसलंच कार्ड होतं.

मग एकेक बोलत गेली. कोणी बहिणीची घातली होती, कोणी लहान मुलांची, एकीनं तर हापशाचं पाणी. कॅन एवढा मोठा आणलात, मग आम्ही काय समजायचं, असं एक म्हातारी जरा फणकाऱ्यानंच म्हणाली. हेमांगीताईनं वही मिटली. तिचे डोळे भरले होते आणि ते तिनं लपवले नाहीत. कॅन आपणच निवडले, लहान आणायला हवे होते, आणि कोणाच्या घरी बसून विचारायला हवं होतं, असं ती म्हणाली. पण तिच्या म्हणण्यानं अमृतचा पाय काही चपलेत जाणार नव्हता.

वरच्यांशी भांडून तिनं पुन्हा कॅन आणले. तेच पाच लिटरचे, कारण दुसरे मागवायला वेळ नव्हता. या वेळी रक्तालाही कोणी नाही म्हणालं नाही. ज्यांना धुळ्याला यंत्र लागलं आहे त्यांनी नाही दिली तरी चालेल, असं ताई म्हणाली होती. ताईबाईनं अमृतच्या नावाचा कॅन मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळा कोळवाडा समाजमंदिराकडे निघाला होता. बायांनी कॅन पिशवीत, पदराखाली, गोणपाटात झाकून घेतले होते. ताईबाईनं झाकला नाही. तिनं तो दोन्ही हातांत छातीसमोर धरला आणि गल्लीच्या मधून चालत गेली, चुडामणच्या ओट्यापुढूनही. एका दिवसाचं आणि एका रात्रीचं होतं ते. तळ धड झाकला गेला नव्हता. चालताना ते थेंब या कडेहून त्या कडेला जात होते, आणि रस्त्यात उभी असलेली माणसं बाजूला होत होती.

टेबलापाशी तिनं कॅन ठेवला. हेमांगीताईचा हात वहीवर तसाच थांबला.

"एवढंच शे, ताई," ताईबाई म्हणाली. "एवढंच लिखी ल्या."